ईम गांवचें प्रार्थनामंदिर

इंग्लंडांत जाणारा आपल्याकडील प्रवासी बहुधा लंडन, ऑक्सफर्ड, केंब्रिज व शेक्सपियरचें स्ट्रॅटफर्ड एवढीं स्थळें पाहून परत येतो. खेडींपाडीं पाहण्याची हौस फारच थोड्यांस असते. परंतु एखाद्या लोकसमाजाचा स्वभाव पाहावयाचा तर तो राजवाड्यापेक्षां गांवचें देऊळ व त्याच्या आवारांतील स्मशान यांत अधिक स्पष्ट दिसतो, असें आम्हांस वाटत आलें आहे. म्हणून मागें एका उन्हाळ्यांत दोन दिवस मोकळे सांपडले तेव्हां आम्ही शेफील्डहून बस धरली आणि डर्बिशायर परगण्यांतील ईम या डोंगराळ खेड्यांत जाऊन आलों. या गांवाचें नांव इंग्रजींत ज्या अक्षरांनीं लिहितात त्यांवरून त्याच्या उच्चाराचा तर्क कोणासही व्हावयाचा नाहीं. आम्ही 'इयाम' म्हणून तिकीट मागितलें. शेजारच्या बांकावरील एका वृद्ध बाईनें हंसून आमचा उच्चार सुधारून दिला. "तुम्हीही सांथीच्या गांवालाच चाललां म्हणायचें," असें ती म्हणाली. साडेतीनशें वर्षें लोटलीं तरी गांवाची ओळख त्या एका शब्दानेंच होते, हें आम्हांस तेथेंच कळून चुकलें.

गांव लहान, वस्ती सुमारें हजाराची. करड्या दगडांचीं घरें, पुढें फुलांचे वाफे, मागें मेंढ्यांचीं कुरणें. एके काळीं येथील लोक शेती करीत व आसपासच्या डोंगरांतून शिसें खणून काढीत. गांवाच्या मध्यभागीं सेंट लॉरेन्सचें प्रार्थनामंदिर आहे. त्याचे कांहीं भाग तेराव्या शतकांतले आहेत. पुढें वेळोवेळीं, विशेषतः एकोणिसाव्या शतकांत, त्याची बरीच डागडुजी झाली. दक्षिणेकडील भिंतीवर इ. स. १७७५ सालचें एक मोठें छायायंत्र बसविलेलें आहे. घड्याळें दुर्मिळ होतीं त्या काळीं गांवानें त्यावर वेळ पाहिली असेल. हल्लीं प्रवासी त्याचीं छायाचित्रें घेतात.

आवारांत शिरतांच प्रथम नजरेंत भरतो तो एक दगडी क्रूस. हा प्रार्थनामंदिराहूनही जुना, म्हणजे सुमारें आठव्या शतकांतला आहे. आपल्याकडे वेरूळचें कैलास लेणें खोदलें जात होतें त्याच सुमारास या दूरच्या बेटांत कोणा अनामिक पाथरवटानें त्यावर देवदूतांच्या आकृती व वेलबुट्टी कोरली. त्याच्या खांबाचा मधला तुकडा नाहींसा झाला आहे, त्यामुळें क्रूसाचा माथा खांद्यांत मान खुपसून बसलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसतो. त्याच आवारांत, पुष्कळ अलीकडची, क्रिकेटवाल्यांस प्रिय वाटेल अशी एक कबर आहे. डर्बिशायरचा खेळाडू व पुढें पंच झालेला हॅरी बॅगशॉ इ. स. १९२७ सालीं वारला. त्याच्या कबरीच्या दगडावर मोडलेल्या यष्ट्या व गडी बाद झाल्याची खूण करणारें पंचाचें वर केलेलें बोट कोरलें आहे. मरणाकडे इतक्या खेळकर नजरेनें पाहणारें स्मारक आम्हीं दुसरें पाहिलें नाहीं. परंतु ज्यासाठीं लोक ईमला येतात तें मरण असें एकेकट्या गड्याला बाद करणारें नव्हतें. त्यानें घरेंच्या घरें रिकामीं केलीं.

इ. स. १६६५ सालीं लंडन शहरांत प्लेगनें हाहाकार उडविला होता. त्या एका वर्षांत तेथें सुमारें ६८ हजार मृत्यूंची नोंद प्लेगच्या नांवावर झाली. ईम तेथून दीडशें मैलांवर. तेथील लोकांस ती बातमी म्हणजे दूरच्या देशांतील लढाईच्या बातमीसारखी. परंतु त्या वर्षीं ऑगस्टच्या अखेरीस गांवांतील शिंपी अलेक्झांडर हॅडफील्ड याच्याकडे लंडनहून कापडाचें एक गाठोडें आलें. कापड दमट होतें म्हणून त्याच्या घरीं राहणारा कारागीर जॉर्ज विकर्स यानें तें उलगडून विस्तवापुढें वाळत घातलें. कापडांत पिसवा होत्या, असें सांगतात. ७ सप्टेंबर रोजीं विकर्स मातीआड झाला. सुमारें दोन आठवड्यांनीं त्याच घरांतील एडवर्ड कूपर हा लहान मुलगा गेला. मग शेजारचें घर, मग त्यापलीकडचें. त्या घरची बाई मेरी हिचा पहिला नवरा पूर्वींच वारला होता व शिंपी हा तिचा दुसरा नवरा. सांथ संपली तेव्हां ती स्वतः जिवंत होती. पण तिचे तेरा आप्त मातींत गेले होते. ज्या दगडी घरांत हें गाठोडें उलगडलें तें प्रार्थनामंदिरास लागूनच अद्याप उभें आहे व त्यावर मेलेल्यांचीं नांवें लिहिलेली पाटी आहे.

वर्षअखेरपर्यंत बेचाळीस माणसें गेलीं. थंडी पडली तसा आजार ओसरला व लोकांस वाटलें, सुटलों. परंतु वसंतानंतर त्यानें पुन्हा डोकें वर काढलें आणि जून १६६६ मध्यें गांवाचा धीर सुटला. लोक गाठोडीं बांधूं लागले. ज्यांची अन्यत्र सोय होती असे कांहीं सधन लोक यापूर्वींच निघून गेले होते.

या वेळीं गांवचा धर्मोपदेशक होता विल्यम मॉम्पेसन. हा तिशीच्या आंतला तरुण, केंब्रिजला शिकलेला, दोन वर्षांपूर्वींच गांवांत आलेला. गांवकऱ्यांच्या दृष्टीनें परकाच. शिवाय त्याच्या नेमणुकीमागें एक कटु इतिहास होता. यादवी युद्धानंतरच्या प्रजासत्ताकाच्या काळांत येथें टॉमस स्टॅन्ली नांवाचा प्यूरिटन पंथाचा उपदेशक होता. राजा परत आल्यावर इ. स. १६६२ सालीं कायदा झाला कीं, सर्व उपदेशकांनीं सरकारमान्य प्रार्थनापुस्तकच मान्य केलें पाहिजे. स्टॅन्लीची बुद्धि त्यास रुकार देईना. त्याचें पद गेलें. परंतु तो गांवींच राहिला आणि जुन्या लोकांची भक्ति त्याच्याकडेच राहिली. नव्यास अधिकार होता पण विश्वास नव्हता. जुन्यास विश्वास होता पण अधिकार नव्हता. धर्ममतांवरून त्या काळीं इंग्लंडांत माणसें तुरुंगांत पडत होतीं. असे हे दोघे पुरुष जूनमध्यें एकत्र आले व त्यांनीं गांवापुढें तीन गोष्टी ठेवल्या. आमच्या मतें ईमच्या कथेंतील पहिला मोठा क्षण हाच. बाकीचे त्यांतून निघाले.

पहिली गोष्ट अशी कीं, यापुढें प्रेतें प्रार्थनामंदिराच्या आवारांत आणूं नयेत. ज्याचें मनुष्य त्यानें आपल्या परसांत किंवा शेतांत पुरावें. दुसरी, प्रार्थनामंदिर बंद ठेवून उपासना गांवाबाहेरच्या कक्लेट डेल्फ नांवाच्या दरींत, उघड्यावर, घराघरानें अंतर ठेवून करावी. तिसरी सर्वांत कठीण: सांथ संपेपर्यंत कोणीही गांवची शीव ओलांडूं नये. गांवानें या तिन्ही गोष्टी पत्करल्या. चॅट्सवर्थ येथें राहणारे अर्ल ऑफ डेव्हनशायर यांनीं अन्न व औषधें पुरविण्याचें कबूल केलें. शिवेवरील ठराविक जागीं बाहेरचे लोक जिन्नस ठेवून जात. गांवकरी मागाहून येऊन उचलीत. स्टोनी मिडलटनच्या वाटेवर एक मोठा दगड आहे, त्यांत सहा खळगे आहेत. त्यांत व्हिनेगर ओतून मोबदल्याचीं नाणीं बुडवून ठेवीत. दुसऱ्या एका ठिकाणीं झऱ्याच्या वाहत्या पाण्यांत नाणीं टाकीत. त्या झऱ्यास अद्याप मॉम्पेसनची विहीर म्हणतात. आम्ही त्या दगडाच्या खळग्यांत बोट घालून पाहिलें. इतक्या वर्षांच्या पावसानें व आमच्यासारख्यांच्या बोटांनीं त्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत.

त्यापुढील दोनतीन महिन्यांची हकीकत वाचवत नाहीं. एकट्या ऑगस्टमध्यें अठ्ठ्याहत्तर माणसें मेलीं. गांवापासून अर्ध्या मैलावर, टेंकडीच्या उतारावर, रायली नांवाच्या शेतांत दगडी कुंपणाच्या आंत कांहीं थडगीं आहेत. तेथें एलिझाबेथ हॅन्कॉक नांवाच्या बाईनें ३ ऑगस्टपासून १० ऑगस्टपर्यंत, आठ दिवसांत, आपला नवरा व सहा मुलें पुरलीं. मदतीस कोणी नव्हतें. प्रेतास हात लागूं नये म्हणून पायांस फडकें बांधून तिनें तीं शेतापर्यंत ओढत नेलीं, असें सांगतात. तिचा एक मुलगा शेफील्डला उमेदवारी करीत होता म्हणून वांचला. ज्या घरांत पुरावयास कोणी उरलें नाहीं तेथें मार्शल हाउ नांवाचा धिप्पाड खाणकामगार जाई. त्याला आजार होऊन गेला होता व आपणांस तो पुन्हा होत नाहीं अशी त्याची समजूत होती. मजुरी म्हणून तो मृतांचें चीजवस्त उचलून नेई. पुढें त्याची स्वतःची बायको व मुलगा सांथींत दगावले. अशा काळांत माणूस उदार होतो तसा हावराही होतो. गांवाच्या स्मृतीनें दोन्ही गोष्टी जपून ठेवल्या आहेत, हें तिला भूषणावह आहे.

आतां पुन्हा आवाराकडे वळूं. आम्हीं येथें येण्यापूर्वीं मनाशीं असें चित्र रंगविलें होतें कीं, सांथींत मेलेल्यांच्या कबरींच्या रांगाच्या रांगा येथें असतील. तसें कांहीं नाहीं. पहिल्या नऊ महिन्यांतील मृत येथेंच पुरले गेले असले पाहिजेत. परंतु गरीब खेडुतांच्या कबरीवर कोरीव दगड बसविण्याची त्या काळीं फारशी चाल नव्हती. जूननंतरचे मृत तर परसांत, मळ्यांत, कुरणांत विखुरले आहेत. ज्या स्मशानासाठीं जगांतून लोक येतात त्यांत तीं माणसें जवळजवळ नाहींतच. त्यांतून एक ठळक अपवाद आहे. तो म्हणजे क्रूसाजवळील, मेजाच्या आकाराचें, कॅथरिन मॉम्पेसन हिचें थडगें.

ही उपदेशकाची पत्नी. जूनमध्यें, शीव बंद होण्याच्या सुमारास, जॉर्ज व एलिझाबेथ या त्यांच्या दोन लहान मुलांस यॉर्कशायरला आप्तांकडे पाठविण्यांत आलें. मुलांबरोबर तूंही जा, असा नवऱ्यानें आग्रह केला. ती गेली नाहीं. दोन महिने ती आजाऱ्यांची शुश्रूषा करीत राहिली. ऑगस्टांतील एका संध्याकाळीं दोघें शेतांतून फिरत असतां, हवेला आज किती गोड वास येतो आहे, असें ती सहज म्हणाली. असा वास येणें हें आजाराचें चिन्ह, अशी तेव्हां समजूत होती. नवरा काय समजायचें तें समजला. ही कथा गांवांत परंपरेनें चालत आली आहे. २५ ऑगस्ट १६६६ रोजीं ती वारली, ही मात्र नोंद आहे. थडग्याच्या एका बाजूस पंख फुटलेलें वाळूचें घड्याळ कोरलें आहे. तिच्या मृत्यूनंतर आठवड्याच्या आंत मॉम्पेसननें मुलांस त्यांच्या आईची वार्ता कळविणारें पत्र लिहिलें व दुसऱ्या दिवशीं आपला आश्रयदाता सर जॉर्ज सॅव्हिल यास. आपणही वांचत नाहीं, हें हातचें शेवटचें लिहिणें, अशा समजुतीनें लिहिलेलीं तीं पत्रें आज छापील उपलब्ध आहेत. पण तो वांचला. १ नोव्हेंबर रोजीं एब्राहम मॉर्टन हा शेवटचा रोगी मेला. चौदा महिन्यांत शहात्तर घरांतील सुमारें २६० माणसें गेलीं होतीं.

येथपर्यंतची कथा इंग्लंडांतील शाळकरी मुलांस ठाऊक असते. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें हात जोडून थांबणें बरें नव्हे; त्यानें चार प्रश्न विचारले पाहिजेत. पूर्वीं असें सांगत कीं, गांवाची वस्ती ३५० असून त्यांतील केवळ ८३ जगले. अलीकडील संशोधकांनीं चूलपट्टीचे कागद व गांवचीं दफ्तरें तपासून वस्ती ७०० ते ८०० च्या दरम्यान असल्याचें दाखविलें. म्हणजे चारशेंहून अधिक लोक वांचले. दुसरें, शीव बंद झाली ती सांथ सुरू होऊन नऊ महिने लोटल्यावर; ज्यांस जाणें शक्य होतें त्यांतले कांहीं गेले होते, आणि उपदेशकाचीं मुलेंही सुरक्षित होतीं. तिसरें, आजारी गांव बंद करणें ही त्या काळीं सरकारची रीतच होती. तेव्हां गांवकऱ्यांची स्वेच्छा किती व निरुपाय किती, असा प्रश्न इतिहासकारांनीं उपस्थित केला आहे. इ. स. २००६ सालीं पॅट्रिक वॉलिस या अभ्यासकानें या आत्मत्यागाच्या कथेला पुढील शतकांत, विशेषतः कवी व कादंबरीकार यांच्या हातून, कसा रंग चढत गेला हें सविस्तर दाखविलें.

चौथा प्रश्न सर्वांत क्रूर आहे: या त्यागाचा उपयोग झाला काय? प्लेगचा जंतु इ. स. १८९४ सालीं हाँगकाँगमध्यें यर्सिननें शोधला. उंदरांवरील पिसवा तो पसरवितात, हें इ. स. १८९८ सालीं आपल्याच कराचींत सिमोंनें प्रयोगानें दाखविलें. उंदीर गांवची शीव मानीत नाहींत. तेव्हां माणसांस उंदरांसह कोंडून घेण्यानें मृत्यु वाढलेच असतील, असें पुष्कळ वर्षें म्हटलें जाई. परंतु इ. स. २०१६ सालीं दोन गणिती संशोधकांनीं ईमच्या मृत्यूंच्या तारखा व घरवार नोंदी पडताळून असा निष्कर्ष काढला कीं, येथें सुमारें तीन चतुर्थांश संसर्ग माणसांपासूनच माणसांस झाला असावा. तसें असेल तर शीव बंद करण्यांत शहाणपण होतें. शेजारचीं खेडीं या सांथीनें उजाड झालीं नाहींत, हें तर खरेंच आहे.

हें सर्व मान्य करूनही कांहीं शिल्लक राहतें. वस्ती साडेतीनशें असो वा आठशें, एलिझाबेथ हॅन्कॉकनें खणलेल्या खड्ड्यांची संख्या कमी होत नाहीं. उरतो प्रश्न तो इतकाच कीं, दुसऱ्याच्या जिवासाठीं आपला जीव धोक्यांत घाला असें माणसाला सांगण्याचा अधिकार कोणाला, आणि तो कशानें प्राप्त होतो? महाराष्ट्रीयाला हा प्रश्न परका नाहीं. इ. स. १८९७ च्या आरंभीं पुण्यांत प्लेग शिरला तेव्हांही आजाऱ्यास वेगळें काढा, घरें तपासा, सामान जाळा, हेच उपाय योजले गेले. शास्त्राच्या दृष्टीनें ते ईमच्या उपायांहून निराळे नव्हते. परंतु ते गोऱ्या शिपायांच्या हातून, घरझडत्यांच्या रूपानें, स्वयंपाकघर व देवघर न ओळखतां आले. त्याचा शेवट २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंच्या गोळ्यांनीं झाला. प्लेग कमिटीचे अधिकारी रॅंडसाहेब व लेफ्टनंट आयर्स्ट हे त्यांना बळी पडले. उपाय तोच, एका ठिकाणीं तो तीनशें वर्षें पुजला गेला व दुसऱ्या ठिकाणीं त्यानें रक्त सांडविलें. याचें कारण ईमचे खेडूत पुणेकरांपेक्षां अधिक सात्त्विक होते, असें आम्ही मुळींच मानीत नाहीं. गांवें सोडून माळावर झोपड्यांत राहणें हें आपल्याकडील हजारों लोकांनीं प्लेगच्या दिवसांत निमूटपणें केलें आहे. आणि कॅथरिनच्या थडग्यापाशीं उभे असतां आम्हांस सावित्रीबाई फुले यांची आठवण झाली, ती उगीच नव्हे. त्याच प्लेगांत आजाऱ्यांची सेवा करतां करतां त्यांना संसर्ग झाला व १० मार्च १८९७ रोजीं त्यांनीं देह ठेवला.

फरक सांगणाऱ्यांत होता. ईममध्यें ज्यांनीं शीव ओलांडूं नका म्हणून सांगितलें ते दोघेही शिवेच्या आंत राहिले. एकानें बायको मातीला दिली. शिवेबाहेरच्या लोकांनीं आंतल्यांस उपाशी ठेवलें नाहीं. आणि ज्यांच्या शब्दावर लोकांनीं विश्वास टाकला त्यांतला एक तरी त्यांचा स्वतःचा, वर्षानुवर्षांचा माणूस होता. या गोष्टींतली एखादी वगळली असती तर जूनमध्येंच गांव फुटला असता. इ. स. २०२० सालीं नव्या महामारीनें सारें जग घरांत कोंडलें गेलें, तेव्हां ईमचें नांव पुष्कळांनीं घेतलें. परंतु आज्ञापालनाचें उदाहरण म्हणूनच बहुधा तें घेतलें गेलें. आज्ञा देणाऱ्यांवरील ऋणाचें उदाहरण म्हणून तें घ्यावयास हवें होतें.

पुढें मॉम्पेसन इ. स. १६६९ सालीं नॉटिंगहॅमशायरांतील ईक्रिंग गांवीं बदलून गेला. तेथील लोकांनीं सांथीच्या भयानें त्याला प्रथम गांवांत घेतलें नाहीं व तो कांहीं दिवस रानांतील झोपडींत राहिला, असें सांगतात. स्टॅन्ली ईममध्येंच इ. स. १६७० सालीं वारला. त्याला गांवाबाहेर घालवावें अशी खटपट त्याच्या धर्ममतामुळें सांथीनंतरही कांहींनीं केली होती. अर्लनें ती हाणून पाडली म्हणतात. कृतज्ञतेचें आयुष्य किती असतें, याचा हाही एक दाखला.

सायंकाळीं आम्ही प्रार्थनामंदिरांत गेलों. तेथें मृतांची यादी लावलेली आहे. नांव व तारीख, याखेरीज कांहीं नाहीं. एकाच आडनांवाचीं नांवें पाठोपाठ येतात आणि मग तें आडनांव पुढें कधींच येत नाहीं. आमच्या शेजारीं एक तरुण बाप आपल्या सातआठ वर्षांच्या मुलीस तीं नांवें वाचून दाखवीत होता. मुलीनें विचारलें, "मग तीं पळून कां नाहीं गेलीं?" बाप थोडा वेळ बोलला नाहीं. मग म्हणाला, "त्यांच्या गुरुजींनीं थांबायला सांगितलें, आणि गुरुजीही थांबले." बाहेर क्रूसाची सावली कॅथरिनच्या थडग्याकडे सरकत होती. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारीं गांव त्या दरींत उपासनेस जमतो व या थडग्यावर फुलें वाहतो. आम्हांस तो दिवस सांपडला नाहीं. शेफील्डची शेवटची बस सुटावयाची होती; आम्ही फाटकाबाहेरच्या गवतांतील दोन रानफुलें आणून दगडावर ठेवलीं व निघालों.